अपुऱ्या जागेत पोत्यातील भाजीपाला

भाजीपाल्याची लागवड म्हटली की विहिरीच्या पाण्यावर भिजणारे वाफे, पाट आणि काटेरी कुंपण असे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. ज्यांच्यापाशी अशी जमीन नाही त्यांनी भाजी बाजारातूनच आणावयाची, हे जणू ठरून गेले आहे. वऱ्हाडात अशा कुटुंबांची संख्या थोडी नाही. अमरावती शहरातील राजापेठेचे उदाहरण घ्यावे. जुन्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाने वाढलेला हा भाग. अशा वस्तीत पुढे दुकाने, मागे घरे आणि मध्ये एखादी खाट मावेल एवढे फरशीचे अंगण, नाहीतर वर सिमेंटची गच्ची, एवढीच मोकळी जागा पुष्कळांच्या वाट्याला येते. खेड्यातील भूमिहीन मजुराच्या दारापुढील जागाही याहून फारशी मोठी नसते. दोन्ही ठिकाणी वाफा घालता येत नाही. परंतु चार-सहा पोती उभी करता येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात फळे व भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम असाव्यात असे सुचविले आहे. पाच माणसांच्या घरास त्या हिशेबाने दररोज दोन किलो लागतील. पोत्यांतून एवढी भाजी निघेल अशी आशा कोणी दाखवू नये. मात्र हिरवी पालेभाजी, मिरची, कोथिंबीर आणि आठवड्यातून एक-दोन वेळा पुरेल इतकी वांगी घरच्या घरी मिळू शकतात, आणि गरिबाच्या ताटातून सर्वांत आधी नाहीशी होते ती हीच हिरवी भाजी.

कापडाच्या भिंतीचा गुण

कुंडी, डबा किंवा प्लास्टिकची बादली यांऐवजी गोणपाट का वापरावे, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे एक कारण स्वस्ताई हे आहे. दुसरे कारण झाडाच्या मुळाशी निगडित आहे. पत्र्याच्या डब्यात वाढणारे मूळ भिंतीशी पोचले की वळते आणि भिंतीच्या कडेने फिरत राहते. काही आठवड्यांनी माती काढून पाहिली असता मुळांची गुंडाळी झालेली दिसते. असे झाड मधल्या मातीचा उपयोग फारसा करीत नाही. पोत्यात मूळ विणीपर्यंत आले की त्याच्या टोकास कोरडी हवा लागते, टोक सुकते, आणि मागील भागातून नवी बारीक मुळे फुटतात. त्यामुळे तेवढ्याच मातीत मुळांचे जाळे अधिक दाट होते. शिवाय जादा पाणी चारही बाजूंनी झिरपून जाते व मुळे कुजत नाहीत. पावसाळ्यात झडीचे दिवस लागले म्हणजे या गुणाची किंमत कळते.

पण ज्या विणीतून मुळास हवा मिळते त्याच विणीतून पाणीही उडून जाते. थंड व दमट प्रदेशात हा दोष जाणवत नाही. वऱ्हाडात, जेथे मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि दुपारची झळ कापडाच्या आरपार जाते, तेथे हा दोष गुणापेक्षा मोठा ठरू शकतो. म्हणून पोत्यातील लागवडीची पहिली बाजू मातीची किंवा बियाण्याची नसून पाण्याची आहे, हे कार्यकर्त्याने पक्के ध्यानात ठेवावे. पोती वाटून फोटो काढणे सोपे आहे. चैत्रात ती पोती कोण व कोठल्या पाण्याने भिजवणार, हे आधी विचारावे.

पोत्याची निवड

धान्याचे तागाचे जुने पोते, ज्यास खेड्यातून बारदान किंवा चुंगडी म्हणतात, ते या कामास सर्वांत बरे. ते एक हंगाम निश्चित टिकते. ओली माती सतत लागून राहिल्याने पुढे तळाकडून कुजू लागते. जुन्या धोतराची किंवा लुगड्याची पिशवी शिवून वापरल्यास ती मेथी-कोथिंबिरीच्या एका पिकापुरतीच पुरते, कारण ओल्या मातीत सुती कापड दोन-तीन महिन्यांत विरते. खताची विणीव प्लास्टिकची पोती कुजत नाहीत. परंतु उन्हाने त्यांचे धागे ठिसूळ होऊन तुकडे पडू लागतात व ते तुकडे मातीत मिसळतात. अशी पोती वापरावयाची तर दोन-तीनदा धुऊन घ्यावी आणि बाहेरून गोणपाटाचे एक वेष्टन द्यावे. बाजारात कृत्रिम धाग्याच्या, नमद्यासारख्या जाड कापडाच्या पिशव्याही मिळतात. त्या काही हंगाम टिकतात. पण हाताशी बारदान असताना त्यांवर पैसा घालविण्याचे कारण नाही.

कीटकनाशक, तणनाशक किंवा औषध लावलेले बियाणे ज्यातून आले ते पोते कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नये. सिमेंटचे पोतेही टाळावे. सिमेंट अल्कधर्मी असते, आणि वऱ्हाडातील काळी माती मुळातच चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असल्याने त्यात आणखी भर पडते. मग पाने पिवळी पडून केवळ शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. अशा वेळी आणखी युरिया टाकला जातो व त्याचा काही उपयोग होत नाही.

भरण

शेतातील काळी माती जशीच्या तशी पोत्यात भरणे ही या लागवडीतील सर्वांत नेहमीची चूक आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळी पडणाऱ्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पोत्यात तीच क्रिया घडते. एक दिवस पाणी चुकले की मातीचा गोळा कापडापासून सुटतो, भोवती फट पडते, आणि दुसऱ्या दिवशी घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. खाली ओल दिसते म्हणून पाणी पुरे झाले असे वाटते. आतील गोळा मात्र कोरडाच राहतो व झाड मान टाकते.

यासाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग जाड रेती, विटांचा चुरा वा कुजलेले कुटार असे मिश्रण करावे. प्रत्येक पोत्यास दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण घालू नये. ते पोत्यात तापते व त्यातून हुमणीसारख्या किडीही येतात. गच्चीवर ठेवावयाच्या पोत्यांत माती आणखी कमी व कंपोस्ट अधिक ठेवल्यास वजन हलके होते. मुंबईत वांद्रे येथे डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर पिशव्यांत भाजी व फळझाडे वाढविताना उसाच्या चिपाडांचा मोठा भरणा केला होता. मातीचा अल्प वापर आणि पालापाचोळ्यातून तयार केलेली सुपीक माती यांवर कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे पुष्कळ भर दिला. हा विचार वऱ्हाडास परका वाटण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात गावोगावच्या रसवंत्यांपाशी चिपाडांचे ढीग पडतात आणि शेतात कपाशीची पऱ्हाटी जाळली जाते. चिपाडे तशीच भरू नयेत. शेणकाल्यात भिजवून दोन-तीन महिने कुजविल्यानंतरच ती भाजीच्या उपयोगाची होतात. पऱ्हाटी तर बारीक केल्याशिवाय लवकर कुजतच नाही.

नेहमीचे ५० किलो धान्याचे पोते सुमारे ५७ सेंटीमीटर रुंद असते. ते भरून उभे केले म्हणजे त्याचा व्यास सुमारे ३६ सेंटीमीटर होतो. ४० सेंटीमीटर उंचीपर्यंत भरण्यास जवळजवळ ४० लिटर मिश्रण लागते; १५ किलोच्या तेलाच्या डब्याने मोजल्यास हे अडीच डबे होतात. पोत्याचा वरचा भाग कापू नये, बाहेरच्या बाजूस दुमडून काठ करावा, म्हणजे तोंड उघडे राहते व पाणी बाहेर सांडत नाही. उभे पोते पूर्ण भरण्याचा मोह आवरावा. पालेभाजीची मुळे वीतभर खोलीतच असतात, आणि उंच पोते कलंडते.

पोत्याच्या मधोमध दगडगोट्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा खांब ठेवल्यास पाणी खालपर्यंत सारखे पोचते. दोन्ही तोंडे उघडी असलेला एक डबा पोत्याच्या मध्यभागी ठेवावा, त्यात खडे व भोवती मिश्रण भरावे, आणि डबा वर ओढून पुन्हा तसेच करावे. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा या दाट वस्तीत २००८ सालच्या दंगलींनंतर पोत्यांतील भाजीचा जो प्रसार झाला त्यात हीच रीत होती. तेथे पोत्याच्या अंगासही भोके पाडून त्यांतून पालेभाजीची रोपे लावतात व एकाच पोत्यात वर आणि बाजूंनी पीक घेतात. वऱ्हाडात बाजूची रोपे पावसाळ्यात व थंडीत चांगली येतील. फाल्गुनानंतर मात्र ती सर्वांत आधी करपतात. तेव्हा होळीपूर्वी बाजूचे पीक काढून घेणे हितावह.

पाण्याचा हिशेब

वर सांगितलेल्या पोत्याच्या तोंडाचे क्षेत्र सुमारे एक दशांश चौरस मीटर आणि चारी बाजूंचे मिळून सुमारे साडेचार दशांश चौरस मीटर भरते. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसास १० मिलिमीटरहून अधिक होते. पोते सर्वांगाने ओले व उन्हात राहिले आणि १० मिलिमीटर एवढीच वाफ धरली, तरी तोंडातून १ लिटर आणि बाजूंनी साडेचार लिटर पाणी उडून जाईल. प्रत्यक्षात कापड मधूनच वाळत असल्याने एवढे पाणी जाणार नाही. परंतु गळती कोठे आहे हे या हिशेबावरून स्पष्ट होते. लोक मातीवर आच्छादन घालतात व बाजू उघड्या ठेवतात. खरी झाकण्याची जागा बाजू हीच आहे.

यावर सोपा उपाय असा की पोती एकएकटी न ठेवता एकमेकांस भिडवून ठेवावी. नऊ पोती तीन-तीनच्या ओळींनी जवळ उभी केली असता आतील बाजूंना ऊन व वारा लागत नाही, आणि मधल्या पोत्यास कडेच्या पोत्यांचा आडोसा मिळतो. पश्चिमेकडील बाजूस रिकामी बारदाने, तुराट्यांचा ताटवा किंवा जुनी चटई उभी करावी. चैत्र-वैशाखात डोक्यावर हिरवी जाळी किंवा विरळ पाचोळ्याचा मांडव घालावा. तो पूर्ण काळोखा करू नये, अन्यथा झाडे उंच व नाजूक होतात. अंगण लहान असल्यास पूर्वेचे ऊन मिळेल अशी जागा पाहावी. सकाळचे चार-पाच तास ऊन पालेभाजीस पुरते. वांगी व मिरची यांस त्याहून अधिक हवे.

पाणी सकाळी लवकर, हळूहळू आणि दोन वेळा करून द्यावे. पहिल्या वेळी थोडे घालून माती फुगू द्यावी व फट मिटल्यावर उरलेले घालावे. भरदुपारी तापलेल्या गच्चीवरील टाकीतील ऊन पाणी झाडास घालू नये. ओल पाहण्यासाठी बोट दोन पेरे आत खुपसणे हीच उत्तम परीक्षा. डाळ, तांदूळ व भाजी धुतलेले पाणी निःशंकपणे वापरता येते; साबणाचे व कपड्यांच्या सोड्याचे पाणी वापरू नये. पोत्याखाली परात ठेवून पाणी साठवू नये, त्यात डास होतात व पुढे डेंग्यूची भीती राहते.

एवढे करूनही ज्या घरी उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच दुरून आणावे लागते तेथे मार्च ते जून पोती रिकामी ठेवावी. पाणी बहुधा घरातील स्त्रीच्या डोक्यावरून येते. तिच्या हंड्याला आणखी एक खेप जोडून काढलेली पालकाची जुडी स्वस्त म्हणता येणार नाही.

खारपाणपट्ट्यातील विशेष दक्षता

राजापेठेत नळाला येणारे पाणी अप्पर वर्धा धरणाचे, म्हणजे गोडे असते. शहराच्या पश्चिमेस थोडे पुढे गेले की परिस्थिती पालटते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर इत्यादी तालुक्यांतील पुष्कळ गावी विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारे आहे. तेथे पोत्यातील लागवड बेताने करावी.

पोत्यातून पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. समजा, पाण्यात दर लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत आणि एका पोत्यास रोज ३ लिटर पाणी लागते. ९० दिवसांत २७० लिटर पाण्यातून ५४० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक क्षार त्या ४० लिटर मातीत येतील. शेतात ते पावसाने खोल जातात. पोत्यात त्यांना जाण्यास जागा नाही. पोत्याच्या बाहेर पांढरी भुकटी दिसू लागली, पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या, तर रोग समजून औषध फवारीत बसू नये.

अशा गावी लागवड मृगापासून पौषापर्यंतच करावी, पत्र्याच्या छपरावरील पावसाचे पाणी टाक्यात साठवून तेच आलटून पालटून द्यावे, आणि पावसाळ्यात पोती उघड्यावर ठेवून भरपूर धुपू द्यावी, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. पालक व बीट खाऱ्या पाण्यात बऱ्यापैकी तग धरतात. घेवडा, गाजर, मुळा व कांदा यांस ते सोसत नाही. पाण्याबद्दल शंका असल्यास ते तपासून घ्यावे. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर व घातखेड येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथे याविषयी सल्ला मिळू शकतो.

गच्चीवरील भार

४० लिटर ओल्या मिश्रणाचे वजन ५० किलोच्या आसपास होते. नुसती काळी माती असल्यास त्याहून बरेच अधिक. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार धरण्याची रीत आहे. म्हणजे एका चौरस मीटरात तीन पोती ठेवली की तो भार संपला. माणसांसाठी काहीच उरले नाही. नऊ पोती भिडवून ठेवावयाची वर सांगितलेली रीत अंगणासाठी आहे. गच्चीवर पोती भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर एका ओळीतच मांडावी, मध्यभागी कधीही नाही. घर जुने असेल, स्लॅबची सळई उघडी पडली असेल, तर गच्चीचा विचारच सोडावा. मातीच्या धाब्याच्या घरावर आणि पत्र्यावर पोते चढवू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. परंतु मोकळी जागा दिसली की तेथे काहीतरी ठेवावे हा मनुष्यस्वभाव आहे. पोत्याखाली विटा ठेवाव्या. त्यामुळे गच्ची ओली राहत नाही, आणि अंगणात उधईला ताग खाण्याची सोय राहत नाही.

कोणते पीक केव्हा

मृगाचा पाऊस झाल्यावर अंबाडी, चवळी, भेंडी, मिरची व वांगी लावावी. अंबाडीचा मान या लागवडीत पहिला समजावा. तिच्या सालीचे दोर वळतात, तिच्या जातीच्या धाग्याचे गोणपाटही विणतात, आणि तिचीच कोवळी पाने ज्वारीच्या भाकरीबरोबर वऱ्हाडात आवडीने खाल्ली जातात. ती ऊन सोसते, फार खत मागत नाही, आणि शेंडे खुडले की पुन्हा फुटते. वांग्यात अकोला विद्यापीठाची ‘अरुणा’ व मिरचीत ‘जयंती’ ही वाणे याच प्रदेशासाठी निवडलेली आहेत. भेंडीसाठी ‘परभणी क्रांती’ घ्यावी. एके काळी घरोघर लावली जाणारी ‘पुसा सावनी’ केवडा रोगास बळी पडते. वांगी, मिरची यांचे एका पोत्यात एकच रोप ठेवावे, भेंडीची दोन. रोपांच्या बुडाशी मोकळी राहिलेली जागा कोथिंबिरीस द्यावी.

आश्विन-कार्तिकात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा व कांद्याची पात पेरावी. मेथी महिन्याभरात निघते. पालकाची पहिली कापणी साधारण महिन्याने होते व पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी तीन-चार कापण्या मिळतात; त्यासाठी ‘ऑल ग्रीन’ हे वाण चांगले. सर्व पोती एकाच दिवशी पेरू नयेत. सहा पोती असतील तर दर आठ-दहा दिवसांनी एक पेरावे, म्हणजे एकाच आठवड्यात भाजी टाकून देण्याची आणि पुढच्या आठवड्यात विकत आणण्याची पाळी येत नाही. पोत्यातील माती थोडी असल्यामुळे खत लवकर संपते. प्रत्येक कापणीनंतर दोन ओंजळी गांडूळखत वरून घालून हलके खुरपावे.

किडीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, एक लिटर करावी व संध्याकाळी फवारावी. मावा व पांढरी माशी यांवर त्याचा चांगला उपयोग होतो. वांग्याचा मलूल झालेला शेंडा मात्र अळीसह कापून जाळावा. दारात पिकणाऱ्या भाजीवर कपाशीसाठी आणलेले औषध मारणे हा उघड धोका आहे; ती भाजी दुसऱ्या दिवशी घरातील लेकरांच्या ताटात जाते. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांतून वानरांचा उपद्रव असतो. तेथे वांगी व भेंडी जाळीखालीच लावावी. मिरचीस ते कमी त्रास देतात.

माती पुन्हा वापरताना

पोते फाटू लागले की माती टाकून देऊ नये. वैशाखात ती फरशीवर पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवावी, मुळ्यांचे जाळे काढून टाकावे, आणि तिसरा हिस्सा नवे कंपोस्ट मिसळून नव्या पोत्यात भरावी. ज्या मातीत वांगी किंवा मिरची होती तीत पुढील हंगामी त्याच कुळातील पीक न घेता पालेभाजी अथवा चवळी घ्यावी. मुळांवर गाठी दिसल्यास ती सूत्रकृमींची खूण समजावी व ती माती भाजीस न वापरता फुलझाडांस द्यावी. तागाचे जुने पोते कात्रीने तुकडे करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे. तोंड शिवलेली प्लास्टिकची दोरी तेवढी आधी उसवून घ्यावी.